सहली हव्यात, शनिवार नको?

प्रश्न: सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. घराजवळच्या शाळेच्या मैदानावर दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या स्काऊट पथकात त्याने यंदा नाव घातलं. पथकाने पालकांच्या हातात वर्षभराच्या बाहेरच्या कार्यक्रमाचा कागद दिला. जुलैत तळजाई आणि हनुमान टेकडी, ऑगस्टमध्ये वेताळ टेकडी, सप्टेंबरअखेर आतकरवाडीतून पायी सिंहगड, दिवाळीच्या सुट्टीत मैदानावरच तंबूत एक रात्र, डिसेंबरात भोरजवळ तीन दिवसांचं शिबिर, जानेवारीत खरी कमाई, म्हणजे छोटी कामं करून पैसे मिळवणं, आणि फेब्रुवारीत मल्हारगड. अडचण अशी की शनिवारी संध्याकाळीच गणिताचा क्लास असतो. मुलाला बाळदमा आहे, इनहेलर जवळ ठेवावा लागतो. आईशिवाय तो अजून एकदाही कुठे झोपलेला नाही. बाईंनी सरांना सुचवलं, ‘दिवसाच्या सहलींना पाठवते, शनिवारी आणि मुक्कामाला नको. हवं तर मी स्वतः सहलीला बरोबर येते.’ सर म्हणाले, ‘शनिवारी येणार नसेल तर सहलीलाही नको. आणि आईवडील बरोबर नकोत.’ हे त्यांना लागलं. सासरे म्हणतात, ही इंग्रजांची थेरं कशाला हवीत. नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. मुलगा रुसून बसला आहे. बाई विचारतात, ‘मी जास्त काळजी करते का, की सरांचंच चुकतंय?’

ताई,

तुमची काळजी जास्त आहे असं मला अजिबात वाटत नाही. पुण्यात राहून दर पावसाळ्यात आपण ज्या बातम्या वाचतो, त्या वाचल्यावर आईच्या जिवाला घोर लागणारच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याहून गेलेलं एक कुटुंब वाहून गेलं, त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला. १ फेब्रुवारी २०१६ला मुरुडच्या समुद्रात पुण्यातल्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले, आणि तिथे तर शिक्षक बरोबर होते. तेव्हा ‘मोठी माणसं आहेत की बरोबर’ एवढ्यावर तुमचं समाधान होत नसेल तर ते रास्तच आहे. माझंही होत नाही.

पण या भीतीतून तुम्ही जी वाट काढलीत ती मला उलट्या दिशेची वाटते. धोक्याचं ते वगळायचं आणि बिनधोक तेवढं ठेवायचं, असं ठरवून तुम्ही कागद हातात घेतलात, आणि वगळलात तो शनिवार. त्या सबंध कागदावर तुमच्या मुलाला सगळ्यात जास्त सांभाळणारी गोष्ट कुठली असेल तर ती शनिवार आहे.

शनिवारी तिथे काय चालतं ते एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. शिट्टी वाजते आणि पाच मिनिटांपूर्वी धुडगूस घालणारी मुलं आपापल्या संघाच्या रांगेत येतात. एका संघात सहा ते आठ मुलं, त्यांच्यातलाच एक थोडा मोठा मुलगा संघनायक. कुठली शिट्टी म्हणजे ‘आहात तिथे थांबा’ आणि कुठली म्हणजे ‘धावत या’, हे त्यांच्या अंगात मुरेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतात. मग दोऱ्या निघतात. रीफ नॉट ही गाठ कशासाठी, तर पट्टी बांधायला, कारण ती सपाट बसते, टोचत नाही आणि सोडवायला सोपी. पण वजन पेलायच्या दोरीला ती कधीही मारायची नाही. क्लोव्ह हिच ही गाठ काठीला, दोन काठ्या एकमेकींना बांधायची सुरुवात तिथून. गळ्यातल्या स्काऊट स्कार्फची झोळी करून मोडलेला हात कसा गळ्यात अडकवायचा, दोन काठ्या आणि दोन शर्ट यांचं स्ट्रेचर कसं करायचं. ओल्या लाकडाची साल काढून आतलं कोरडं लाकूड कसं मिळवायचं. आणि मग मुलांचा सगळ्यात लाडका कार्यक्रम, बिनभांड्याचा स्वयंपाक. बटाट्याला ओल्या मातीचा लेप देऊन तो निखाऱ्यात पुरायचा, मातीला तडे गेले की बाहेर काढायचा. पहिल्यांदा तो बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो. मुलं तरीही खातात, मीठ लावून. पुढच्या वेळी निखारे पडेपर्यंत वाट बघायला शिकतात.

हे सगळं सहलीच्या आधी करायची तयारी म्हणूनच असतं. सप्टेंबरमध्ये सिंहगडाच्या वाटेवर ढग उतरला आणि दहा पावलांपुढचं दिसेना झालं, तर ‘थांबा’ची शिट्टी ऐकून जो जागच्या जागी थांबतो तो मुलगा सुखरूप. फक्त सहलीला आलेला मुलगा त्या शिट्टीचा अर्थ शेजाऱ्याला विचारत दोन पावलं पुढे जातो. आपण कुणाबरोबर जोडीने चालायचं हेही त्याला ठाऊक नसतं, आणि त्याच्या जोडीदाराला हा मुलगा ठाऊक नसतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. दोन महिने ज्याने त्याला मैदानावर धावताना पाहिलंय, तो संघनायक चढावर ओळखेल की याचा दम नेहमीसारखा लागलेला नाही, हा वेगळा आहे. अनोळखी मुलाच्या श्वासाकडे कोण लक्ष देणार?

म्हणून सरांचं उत्तर मला उर्मट वाटलं नाही. शब्द थोडे मऊ वापरता आले असते, हे मान्य. पण जो माणूस ‘या हो, तीनशे रुपये भरा, कुणीही चाला’ असं म्हणत नाही, त्याच्या पथकात मी माझ्या घरातलं मूल जास्त निश्चिंतपणे पाठवीन.

तो कागद पुन्हा समोर घ्या आणि सात सहलींची यादी म्हणून न वाचता त्यातला क्रम वाचा. आधी घरापासून रिक्षाच्या अंतरावरच्या टेकड्या, जिथून कधीही परत फिरता येतं. मग पूर्ण दिवसाचा चढ, तोही सप्टेंबरअखेर, म्हणजे जुलैचा धो-धो पाऊस ओसरल्यावर, सोनकी-तेरडा फुललेला असताना. मग एक रात्र, पण आपल्याच मैदानावर, घर हाकेच्या अंतरावर. ती जमली की थंडीतले तीन दिवस. शेवटी मल्हारगड. राजगड-तोरणा सोडून हा सोनोरीचा छोटासा किल्ला निवडलाय, तो का ते उघड आहे. पेशवाईत तोफखान्याच्या पानसे सरदारांनी बांधलेला, महाराष्ट्रातल्या अगदी अखेरच्या किल्ल्यांपैकी हा एक. चढ थोडा, पण फेब्रुवारीत ऊन थेट डोक्यावर आणि सावली जवळजवळ नाही. त्या वेळेपर्यंत आपलं पाणी आपण वाहून पुरवून पिण्याची सवय मुलांना झालेली असणार, हे गृहीत धरलंय. विहिरीत पोहायला शिकवताना आधी पाठीला डबा बांधतात आणि मग एक दिवस तो सोडतात, तशी ही आखणी आहे. ज्याने ती केली त्याला मुलंही कळतात आणि आपल्याकडचे ऋतूही. मधल्या पायऱ्या काढून टाकल्या तर डिसेंबरचं शिबिर तुम्हाला जेवढं भीतिदायक वाटतंय तेवढं खरोखरच होईल.

तुम्ही बरोबर जाण्याबद्दल. तुमचा हेतू स्वच्छ आहे, पण सर नाही म्हणाले ते मला पटतं. आई दिसली की अकरा वर्षांचं मूल बुटाची नाडीही तिच्याकडेच घेऊन जातं, संघनायकाकडे जात नाही. बाकीची पंचवीस मुलं बघत राहतात. तुमच्या मुलाला त्याचाच त्रास जास्त होईल. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा विसेक मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकाची जबाबदारी त्यांच्यातल्याच एका मुलावर टाकली होती. या चळवळीचा सगळा डोलारा तेव्हापासून त्या एका गोष्टीवर उभा आहे. आईवडील मध्ये उभे राहिले की तीच निघून जाते.

पण एक फरक नीट लक्षात ठेवा, आणि हे मी इतर पालकांसाठीही लिहिते. ‘सहलीत बरोबर चालू नका’ हे म्हणणं ठीक आहे. ‘इथे काय चालतं ते बघू नका’ हे म्हणणं कधीही ठीक नाही. कुठल्याही शनिवारी पालकाला कडेला उभं राहता आलं पाहिजे. शिबिराची जागा आधी सांगितली पाहिजे, शेकोटीच्या रात्री पालकांना बोलावलं तर उत्तमच. ज्या पथकात पालकांनी डोकावलेलं चालत नाही तिथून मूल काढून घ्यावं, मग ते पथक कितीही नावाजलेलं असो.

आता सरांना भेटायला जा. या वेळी सूट मागायला जाऊ नका, माहिती विचारायला जा. ‘सुरक्षित आहे ना?’ असं विचारलं की ‘हो हो, अगदी’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा. सिंहगडाला किती मुलांमागे किती मोठी माणसं असतील? पुढे कोण, सगळ्यांच्या शेवटी कोण? मुलं कुठे-कुठे मोजतात? जागेची पाहणी कोण करून येणार आणि कधी? हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला तर आदल्या रात्री सहल रद्द करता का, आणि भरलेल्या पैशांचं काय? प्रथमोपचार येणारी दोन माणसं आहेत का, म्हणजे एक जखमी मुलाबरोबर गेला तर दुसरा उरेल? भोरच्या जागेपासून दवाखाना किती लांब, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष असतं का, आणि रात्री वापरायला गाडी जागेवर उभी असणार का? आपल्या डोंगरात नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही आहेत. त्यांना घाबरून घरी बसण्याची गरज नाही. पण रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, बूट झटकून घालायचे, आणि चावलं तर चिरायचं-आवळायचं काही नाही, हलवाहलव न करता थेट दवाखाना, हे शिकवलंय का ते विचारा. गडांवरच्या आग्या मोहोळाबद्दलही विचारा. त्या दिवशी अत्तर-डिओ नको, मोहोळाच्या आसपास धूर नको, दगड मारणं तर नकोच.

पाण्याबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रही राहीन. वर ज्या दोन घटना लिहिल्या त्यात आणि दर वर्षी खडकवासला-पानशेतच्या बाजूला ज्या होतात त्यात मरण पाण्यातच आहे. दरीत पडल्याच्या घटना त्यामानाने थोड्या. पथकाचा नियम एका वाक्याचा असला पाहिजे: धबधबा, धरण, नदी, खाण, कुठेही पाण्यात उतरायचं नाही, पाय बुडवायलासुद्धा नाही. ‘परिस्थिती बघून ठरवतो’ असं उत्तर आलं तर मला ते चालणार नाही. वेताळ टेकडीवर जुनी दगडखाण आहे, पावसाळ्यात तिच्यात पाणी साठतं. ऑगस्टच्या फेरीत तिच्या कडेला जाणार का, हे वेगळं विचारा.

आणखी एक प्रश्न पालक संकोचाने विचारत नाहीत, तो तुम्ही विचाराच. तंबूत मुलांबरोबर मोठं माणूस झोपतं का? कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा असणार नाही, असा नियम आहे का? चांगल्या पथकप्रमुखाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट त्याचं उत्तर तयार असतं. घरी मुलालाही स्पष्ट सांगा की अंगाला नको तसा हात लागला, कुणी ‘हे घरी सांगू नको’ म्हणालं, तर माणूस कितीही आदराचा असला तरी आधी घरी सांगायचं. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन त्याला पाठ असू द्या. हे सांगितल्याने मूल घाबरत नाही. तुम्ही या विषयावर ऐकून घ्याल, एवढं त्याला कळतं.

समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत तर पाठवू नका, आणि मनाला अजिबात लावून घेऊ नका. पुण्यात हे एकच पथक नाही. शाळाशाळांतून पथकं आहेत, सदाशिव पेठेत तर स्काऊट ग्राउंडच आहे. दुसरं बघता येईल.

दम्याचं बोलू. बाळदमा असलेली, औषध नीट चालू असलेली कितीतरी मुलं पळतात, पोहतात, गड चढतात. पण हा निर्णय माझा नाही, सरांचा नाही, सासऱ्यांचाही नाही. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना तो कार्यक्रमाचा कागदच दाखवा आणि विचारा, यातलं काय चालेल, चढण्याआधी पंप घ्यायचा का, किती वेळाने पुन्हा, आणि कुठली लक्षणं दिसली तर थांबून थेट दवाखाना. ते त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. त्या कागदाची एक प्रत सरांकडे, एक संघनायकाकडे. इनहेलर दोन: एक सरांच्या पिशवीत, एक मुलाच्या स्वतःच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात, स्पेसरसकट (म्हणजे पंपाला जोडायच्या नळीसकट). तळाशी, टॉवेलखाली नाही. आज घरी पंप तुम्ही काढून देता ना? उद्यापासून तो त्याने स्वतः काढायचा, स्वतः हलवायचा, स्वतः घ्यायचा, आत डोस किती उरलेत ते स्वतः बघायचं. तुम्ही फक्त बघायचं. सिंहगडापर्यंत त्याला पुरेसा वेळ आहे. शेकोटीचा धूर आणि डिसेंबरची पहाटेची थंडी या दोन गोष्टी त्याला त्रासदायक ठरू शकतात, तेव्हा शेकोटीला वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बसायचं, धूर अंगावर येईल तिथे नाही. पहाटे नाकातोंडावर मफलर. आणि दम लागला की लाजून गप्प न बसता जोडीदाराला सांगायचं, हे त्याच्याकडून दहादा वदवून घ्या. अकरा वर्षांच्या मुलग्याला दम्यापेक्षा मित्रांसमोर थांबण्याची लाज मोठी असते, आणि चढावर तीच जास्त नडते.

झोपण्याचं त्याहून सोपं आहे. मैदानावरच्या त्या रात्रीआधी त्याला मावशीकडे, आत्याकडे, नाहीतर एखाद्या मित्राच्या घरी एक-दोनदा झोपू द्या. घरीही एका रात्री हॉलमध्ये सतरंजीवर, स्वतः भरलेल्या सॅकमधून स्वतःची चादर काढून. सॅक तुम्ही भरू नका. तुम्ही भरलीत तर तंबूत अंधारात त्याला मोजेही सापडणार नाहीत. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा, ती म्हणजे ‘करमलं नाही तर सांग, मी लगेच न्यायला येते’ हे आश्वासन. ते मायेने दिलं जातं, पण मूल त्याचा अर्थ असा घेतं की आईलाच वाटतंय मला जमणार नाही. आणि मग रात्री नऊला, जेव्हा प्रत्येकच मुलाला घर आठवतं, तेव्हा ते सावरायच्या ऐवजी दाराकडे बघत बसतं. त्याऐवजी सांगा, ‘आठवण येईल. सगळ्यांना येते. आली की संघनायकाजवळ जाऊन बस.’ फोनसुद्धा नको. सरांनी रात्री एकदा सगळ्या पालकांना ग्रुपवर ‘मुलं जेवली, झोपली’ एवढा निरोप टाकावा, अशी विनंती करा. रास्त विनंती आहे.

तुमच्या यजमानांचं ‘पुढच्या वर्षी बघू’ वरवर निरुपद्रवी वाटतं. पण पुढच्या वर्षी तो सातवीत असेल, आजचे त्याचे सोबती वर्षभर पुढे गेलेले असतील आणि तो नव्या लहान मुलांबरोबर पहिल्या गाठीपासून सुरुवात करेल. काही मुलांना ते चालतं, काहींचा उत्साहच मावळतो. थांबायचं असेल तर दम्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून थांबा, ठरवण्याचा कंटाळा म्हणून नको. मधला मार्ग हवाच असेल तर हा घ्या: दिवाळीपर्यंत दर शनिवार आणि दिवसाच्या सगळ्या सहली, मैदानावरची ती एक रात्रही. डिसेंबरच्या शिबिराचं त्यानंतर मुलगा, तुम्ही आणि सर मिळून ठरवा. हे सरांपुढे मांडलंत तर ते नाही म्हणतील असं वाटत नाही, कारण यात तुम्ही क्रम मोडत नाही. मुलाशीही आधीच बोलून ठेवा की दिवाळीपर्यंत एकही शनिवार बुडवायचा नाही, कंटाळा आला तरी. त्यानंतर नको वाटलं तर सोडायची त्याला मोकळीक, आणि सोडलं म्हणून टोमणे नाहीत.

सासरेबुवांना एवढंच सांगा की त्यांचं अर्धं बरोबर आहे. १९०९मध्ये बंगळूरला स्काऊटिंग आलं ते साहेबांच्या मुलांसाठीच, आपल्या मुलांना त्यात घेतच नव्हते. म्हणून मद्रासला ॲनी बेझंट आणि प्रयागला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी भारतीय मुलांची वेगळी पथकं उभी केली. हे कुंझरू म्हणजे नामदार गोखल्यांनी १९०५मध्ये पुण्यातच स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे पुढे अनेक वर्षं अध्यक्ष. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५०ला, वेगवेगळ्या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर मल्हारगडाच्या आधी नातवाला पानशांची माहिती तेच सांगू शकतील. आणि जानेवारीत खरी कमाई असते, तेव्हा त्यांच्या सोसायटीत स्कूटर धुवायला, पुस्तकांचं कपाट झाडायला हाच नातू येईल. त्याला फुकट दहा रुपये देऊ नका म्हणावं, काम चोख झालं तरच द्या.

मुलीच्या आया हे वाचत असतील, त्यांच्यासाठी: गाईड कंपनीला, म्हणजे मुलींच्या पथकाला, हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. शिवाय आणखी दोन गोष्टींची चौकशी करा. मुक्कामाला स्त्री पथकप्रमुख रात्रभर असतात ना, आणि संडास-न्हाणीघराची व दिव्याची सोय कशी आहे. पाळी सुरू झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुलीच्या सॅकमध्ये पॅड आणि एक जास्तीचा जोड असू द्या, आणि कुणाकडे मागायचं ते तिला नावानिशी माहीत असू द्या. एवढ्या कारणासाठी मुलीला घरी ठेवू नका.

राहता राहिला गणिताचा क्लास. सहावीतल्या मुलाचं गणित शनिवारच्या ऐवजी मंगळवारी झालं तर बिघडत नाही, आणि सिंहगड रस्त्यावर एकाच बॅचचा क्लास मी तरी ऐकलेला नाही. क्लासच्या मॅडमना आजच फोन करा. जुलै उजाडला की आठवड्यातल्या बॅचेस भरतात आणि मग बदलून मिळत नाही.